रोबोचा नकाशा आणि घरच्यांचा नकाशा

सफाई रोबोंविषयी या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात : ॲपमध्ये दिसणारा घराचा नकाशा. काही पत्रे अशी ॲप तयार करणाऱ्यांची आहेत, तर काही ती वापरून वैतागलेल्यांची. दोन्हीकडची पत्रे शेजारी ठेवून वाचली तेव्हा त्यांचे मूळ एकच असल्याचे जाणवले, म्हणून त्यांना एकत्र जागा दिली आहे.

प्रश्न : आम्ही तिघे मिळून सफाई रोबोसाठी ॲप तयार करत आहोत. रोबोने लेझरने मोजलेला नकाशा आम्ही जसाच्या तसा दाखवतो. मापे तपासली, ती बरोबर आहेत. तरीही ज्यांना तो दाखवला त्यांतील बऱ्याच जणांना त्यात आपले घर ओळखता आले नाही. नकाशा नीटनेटका करून दाखवावा का? तसे केले तर आपण खोटी माहिती दाखवतो, असे होणार नाही का?

उत्तर : तुमचा नकाशा अचूक असूनही निरुपयोगी ठरतो, कारण तो माणसासाठी काढलेलाच नाही. रोबो जमिनीचे लहान लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनात अडथळा असण्याची शक्यता किती, एवढा एक आकडा तिथे नोंदवून ठेवतो. ही पद्धत १९८५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात हान्स मोरावेक आणि अल्बर्टो एल्फेस यांनी ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या रोबोसाठी मांडली. आज ध्वनीची जागा लेझरने किंवा कॅमेऱ्याने घेतली असली, तरी चौकोनांची वही तीच आहे. चौकोनाची बाजू अनेकदा ५ सेंटिमीटर धरली जाते; त्या हिशेबाने १० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद घराचा नकाशा म्हणजे ३२,००० आकड्यांचा तक्ता होतो. या तक्त्याचे रोबोला मुख्यतः दोन उपयोग असतात : आपण आत्ता कुठे आहोत हे ठरवणे आणि पुढे कुठून जाता येईल हे शोधणे. (२००२ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या रूम्बा या सफाई रोबोकडे तर नकाशाच नव्हता, तो आपटत, वळत घरभर फिरायचा आणि तरीही जमीन बऱ्यापैकी झाडून काढायचा. नकाशा नसताना निदान नकाशाबद्दलची तक्रारही नव्हती.)

दुसरी गोष्ट उंचीची. लेझर फिरवणारा लहानसा मनोरा रोबोच्या पाठीवर, जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटरवर असतो आणि त्याला घराचा त्या उंचीवरचा एक आडवा छेद तेवढा दिसतो. त्या छेदात जेवणाचे टेबल म्हणजे चार ठिपके असतात, भिंतीला टेकलेले कपाट स्वतःच भिंत होऊन बसते आणि उंच पायांचा पलंग जवळजवळ नाहीसा होतो. घरात राहणाऱ्याच्या मनातल्या नकाशात मात्र टेबल, पलंग आणि सोफा हेच ठळक असतात. भिंत नेमकी किती सेंटिमीटर आत आहे, हे कोणी लक्षात ठेवत नाही. तुम्ही ज्यांना नकाशा दाखवला त्यांना जे महत्त्वाचे वाटते ते त्यात नव्हते आणि जे होते त्याला त्यांच्या लेखी अर्थ नव्हता.

तेव्हा नकाशा जरूर नीटनेटका करा. दातेरी कडा सरळ करा, जवळजवळ काटकोनात असलेल्या भिंती काटकोनात आणा, खुर्च्यांच्या पायांचे एकटे ठिपके पुसा आणि घरच्यांना पलंग, सोफा, टेबल यांच्या आकृत्या ठेवू द्या. मात्र हे सर्व मूळ तक्त्यावर अंथरलेल्या वेगळ्या थरात व्हावे. रोबोने चालताना मूळ तक्ता पाहावा, माणसाने वरचा थर पाहावा आणि वरच्या थरावरचा प्रत्येक बिंदू खालच्या कोणत्या बिंदूवर उतरतो हे ॲपला सदैव ठाऊक असावे. खोटेपणा सुरू होतो तो हा दुवा तुटल्यावर.

नकाशाच्या सुबकतेची चर्चा निघाली की लंडनच्या भुयारी रेल्वेचा, हॅरी बेक यांनी आखलेला आणि १९३३ मध्ये छापला गेलेला नकाशा उदाहरण म्हणून पुढे केला जातो. बेक यांनी खरी अंतरे बाजूला ठेवली, रेषा आडव्या, उभ्या आणि तिरप्या केल्या, आणि प्रवाशांना नकाशा एकदम समजू लागला. पण तो दाखला तुमच्या कामी अर्धाच येतो. भुयारी रेल्वेच्या प्रवाशाला कोणत्या स्थानकानंतर कोणते स्थानक आणि गाडी कुठे बदलायची एवढेच हवे असते. तो नकाशावर बोटाने रेषा ओढून रेल्वेला ‘याच्या पुढे जाऊ नकोस’ असे सांगत नाही. तुमचा वापरणारा नेमके तेच करणार आहे. म्हणून दिसण्यासाठी एखादी भिंत थोडी सरकवणे चालेल, पण त्या सरकवण्यामुळे रोबो जाऊ शकणारी फट बंद दिसू लागली किंवा बंद जागेत वाट दिसू लागली, तर तुम्ही मर्यादा ओलांडलीत असे समजा.

एक चूक बहुतेक ॲपमध्ये सापडते. मूळ तक्त्यात चौकोनाच्या तीन अवस्था असतात : मोकळा, अडलेला आणि अज्ञात. पहिल्या फेरीच्या वेळी एखाद्या खोलीचे दार लावलेले असेल, तर ती खोली अज्ञात राहते. पण पडद्यावर अज्ञात भागाच्या कडेलाही भिंतीसारखीच काळी रेघ मारली जाते आणि घरच्यांना वाटते की रोबोने खोली गिळली. अज्ञात भागाची कड तुटक रेषेने दाखवा आणि तिथे ‘हा भाग अजून पाहिलेला नाही’ असे लिहा. या एका वाक्याने कितीतरी तक्रारी कमी होतील.

दिशेकडेही लक्ष द्या. रोबोचा नकाशा अनेकदा चार्जिंग डॉक (रोबो चार्ज व्हायला जिथे येऊन उभा राहतो ती बैठक) ज्या बाजूला तोंड करून आहे त्यावरून उभा राहतो, आणि डॉक तर जिथे प्लग मोकळा असेल तिथे ठेवलेला असतो. माणसाला मात्र आपले घर मुख्य दारातून आत येतानाच्या दृष्टीने आठवते. नकाशा फिरवण्याची सोय पहिल्याच वेळी पुढे करा आणि मुख्य दार कुठे आहे ते विचारून घ्या. तुमचा नकाशा जमला की नाही हे पाहायचे असेल, तर घरातल्या ज्या माणसाने रोबोची पहिली फेरी पाहिलेली नाही त्याच्यापुढे तो ठेवा आणि दोनच गोष्टी विचारा : ‘तुम्ही आत कुठून येता?’ आणि ‘तुम्ही नेहमी बसता ती जागा दाखवा.’ बोट लगेच योग्य जागी टेकले, तर नकाशा जमला.

प्रश्न : आमच्या ॲपने स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच खोली म्हणून दाखवली आहे, तर एका झोपायच्या खोलीचे मात्र दोन तुकडे केले आहेत. हे आपोआप नीट होईल, की ॲपच बदलावे?

उत्तर : आपोआप नीट होण्याची वाट पाहू नका, रोबोची खोलीची व्याख्याच आपल्यापेक्षा वेगळी आहे. खोल्या वेगळ्या काढण्याची सर्वांत सोपी रीत अशी असते की मोकळी जागा सर्व बाजूंनी हळूहळू आकसत न्यायची. असे करताना दारासारख्या अरुंद जागा आधी मिटतात आणि जे तुकडे सुटे पडतात त्यांना खोल्या म्हणायचे. दाराची रुंदी बहुधा ७० ते ९० सेंटिमीटर असते, म्हणून ही युक्ती बऱ्याच घरांत लागू पडते. पण तुमच्या घरी स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये रुंद कमान असणार, जी मिटली नाही. आणि झोपायच्या खोलीत पलंग व कपाट यांच्यामध्ये दाराएवढी चिंचोळी वाट उरली असणार, जी मिटली. रोबोने खोली अरुंदपणावरून ओळखली. आपण ती तिथे काय करतो यावरून ओळखतो, आणि ते लेझरला दिसत नाही.

आता ॲप करणाऱ्यांसाठी. रोबोने पाडलेल्या खोल्या हा प्रस्ताव आहे, निकाल नव्हे, हे पडद्यावर दिसले पाहिजे. ‘ही खोली दोन भागांत तोडा’ आणि ‘या दोन खोल्या जोडा’ ही दोन अवजारे हाताशी हवीत. तोडण्याची रेषा दोन्ही टोकांना आपोआप भिंतीला चिकटायला हवी, नाहीतर मध्ये राहिलेल्या दोन चौकोनांच्या फटीमुळे रेषा ओढूनही खोली तुटत नाही आणि वापरणारा स्वतःला दोष देत बसतो. खोलीपेक्षा लहान जागेलाही नाव देता आले पाहिजे. जेवणाच्या टेबलाखालचा भाग रोज झाडायचा असतो, सबंध खोली नव्हे, आणि रोज वापरली जाणारी आज्ञा बहुतेक अशा लहान जागेसाठीच असते.

नावांबद्दल मी थोडा हट्टी आहे. नकाशाचा खरा उपयोग भिंतींपेक्षा नावांत आहे, असे माझे मत आहे, कारण वेळापत्रक, आवाजी आज्ञा आणि ‘काम कुठवर आले’ ही सूचना या तिन्ही गोष्टी नावांवर चालतात. ‘खोली ३ साफ झाली’ या सूचनेतून कोणाला काय कळणार? तयार नावांची यादी द्या, पण स्वतःचे नाव लिहायची मोकळीक आधी द्या. घरातली माणसे खोलीला तिथे राहणाऱ्याच्या नावाने ओळखतात आणि एकाच खोलीला दोन जण दोन नावांनी हाक मारतात, म्हणून एका खोलीला एकाहून अधिक नावे लावता आली तर आवाजी आज्ञा चुकणार नाहीत. आणि खोली तोडली, जोडली किंवा नकाशा नव्याने काढला, तरी जुनी नावे व त्यांना बांधलेली वेळापत्रके जिथे लागू पडतील तिथे पुन्हा लागली पाहिजेत. नाव मजकुराला नव्हे, तर त्या जागेच्या स्थिर ओळखक्रमांकाला जोडलेले असेल, तरच हे साधते.

रंगांची चिंता मात्र फार करू नका. शेजारच्या दोन खोल्यांना सारखा रंग येऊ नये यासाठी कितीही खोल्या असल्या तरी चार रंग पुरतात; कोणत्याही सपाट नकाशाला हे लागू आहे, असे केनेथ अॅपल आणि वुल्फगँग हाकेन यांनी १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने सिद्ध केले आहे. मी पाहिलेल्या एका ॲपमध्ये अकरा खोल्यांना अकरा रंग होते आणि त्यांतले तीन गुलाबी होते.

प्रश्न : मुलांच्या खेळण्यांच्या कोपऱ्यात रोबो जाऊ नये म्हणून मी ॲपमध्ये मनाई क्षेत्र आखले. पडद्यावर ते बरोबर कोपऱ्यावर दिसते. प्रत्यक्षात रोबो एकदा हातभर आधीच थांबला, तर दुसऱ्यांदा खेळण्यांत घुसला. माझे काय चुकले?

उत्तर : तुमचे चुकले नाही, बोटाचे गणित चुकले. १० मीटर रुंद घर साडेसहा सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर बसवले, की नकाशाचे प्रमाण साधारण १ : १५० होते. बोटाने सहज टेकता यावे यासाठी बटणाची बाजू सुमारे ९ मिलिमीटर असावी असे मानले जाते. त्या नकाशावर ९ मिलिमीटर म्हणजे घरातले जवळजवळ १.४ मीटर. रोबोच्या वहीतला ५ सेंटिमीटरचा चौकोन तर पडद्यावर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा होतो. अशा पडद्यावर कोणीही कोपरा हातभर चुकवणारच. यावर उपाय एवढाच की क्षेत्र आखण्याआधी नकाशा त्या खोलीपुरता मोठा करायचा. चांगल्या ॲपने ‘मनाई क्षेत्र’ हे बटण दाबताच ते स्वतः करावे, बोटाखालचा भाग बोटाच्या वर भिंगासारखा मोठा दाखवावा, क्षेत्राची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहावी आणि कड एकेक पाऊल सरकवायला लहान बाण द्यावेत.

उरलेला फरक रोबोचा. त्याला स्वतःची जागा काही सेंटिमीटरच्या अंदाजानेच ठाऊक असते. उंबरठ्यावर चाक घसरले किंवा गालिच्यावर तिरपा ढकलला गेला, की तो अंदाज आणखी ढळतो आणि ओळखीची भिंत पुन्हा दिसेपर्यंत तसाच राहतो. शिवाय रोबो म्हणजे बिंदू नव्हे : गोल रोबोचा व्यास सुमारे ३५ सेंटिमीटर असतो, म्हणून त्याचा मध्य रेषेपासून कमीत कमी १७-१८ सेंटिमीटर दूर राहिला, तरच त्याची कड रेषेबाहेर राहते. काही ॲप हा हिशेब धरतात, काही धरत नाहीत, आणि कोणते काय करते हे पडद्यावरून कळत नाही. मनाई क्षेत्राभोवती फिकट पट्टा काढून ‘रोबोची कड इथपर्यंत येईल’ असे दाखवणे अवघड नाही. ते केले असते, तर हे पत्र तुम्हाला लिहावे लागले नसते. तूर्त क्षेत्र सर्व बाजूंनी २० सेंटिमीटर मोठे आखा.

जिना मात्र मनाई क्षेत्राच्या भरवशावर सोडू नका. जिन्याच्या कडेला रोबोला थांबवतात ते त्याच्या पोटाखालचे, जमिनीवर अवरक्त प्रकाश सोडून परत आलेला प्रकाश पाहणारे सेन्सर. काळ्या गालिच्यावरून प्रकाश कमी परततो म्हणून तोही त्यांना खड्डा वाटतो, आणि काही जण त्यावर उपाय म्हणून ते सेन्सर चिकटपट्टीने झाकतात. तसे करू नका. काळा गालिचा न झाडलेला परवडेल. नकाशावरची रेषा ही सोय आहे, कठडा नव्हे.

प्रश्न : सोफा दुसऱ्या भिंतीला लावला आणि दुसऱ्या दिवशी ॲपने सारा नकाशा नव्याने काढला. खोल्यांची नावे, मनाई क्षेत्रे, वेळापत्रके, सगळे गेले. शिवाय नव्या नकाशात एक अशी खोली आहे जी आमच्या घरात नाहीच! हे कसे झाले?

उत्तर : नसलेल्या खोलीचे आधी सांगतो. त्या बाजूच्या भिंतीवर जमिनीपर्यंत पोचणारा आरसा असावा. लेझरचा किरण आरशावरून परततो आणि रोबोला आरशातली खोली आरशाच्या पलीकडे खरीच असल्यासारखी मोजता येते. काचेच्या दाराचे उलटे होते. किरण आरपार जातो, काच दिसतच नाही आणि रोबोला बाहेरची जागा घराचा भाग वाटते. ॲपमध्ये खोडरबरासारखे अवजार असेल तर तो भाग पुसून टाका, नसेल तर त्यावर मनाई क्षेत्र घाला. आरशाच्या तळाशी, लेझरच्या उंचीवर, अपारदर्शक कागदाची पट्टी लावली तरी पुढच्या फेरीत खोली नाहीशी होईल.

नकाशा गेला तो रोबोने घर ओळखले नाही म्हणून. रोबो आत्ता दिसणारा छेद वहीतल्या छेदाशी जुळवून आपली जागा ठरवतो. सोफा हा त्या छेदातला लांबलचक तुकडा असतो. तो हलला आणि त्याच वेळी रोबोला डॉकपासून उचलून दुसरीकडे ठेवलेले असेल, तर काहीच जुळत नाही आणि यंत्र हे नवीनच घर आहे असे ठरवते. इथपर्यंत यंत्राला दोष देता येत नाही. दोष आहे तो न विचारता जुना नकाशा फेकून देणाऱ्या ॲपचा. नवीन नकाशा तयार झाला तर त्याने जुन्याच्या शेजारी उभे राहावे, ‘घर बदलले आहे का, की फक्त सामान हलवले?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत जुन्याला हात लावू नये. भिंती क्वचित बदलतात आणि सामान वारंवार, हे ॲपला आधीपासून माहीत असायला हवे. तुमच्या ॲपमध्ये नकाशाची प्रत जपून ठेवण्याची सोय असेल, तर सामान हलवण्यापूर्वी ती वापरा, आणि सामान हलवल्यानंतरची पहिली फेरी डॉकपासूनच सुरू होऊ द्या.

प्रश्न : माझी दृष्टी अधू आहे. फोन मला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, पण नकाशावर बोट ठेवले की केवळ ‘चित्र’ एवढाच शब्द ऐकू येतो. अशा ॲपचा मला काय उपयोग?

उत्तर : सध्याच्या रूपात फारसा नाही, आणि ही ॲप करणाऱ्यांची चूक आहे. नकाशावर जे जे करता येते ते ते खोल्यांच्या साध्या यादीतूनही करता आले पाहिजे : खोलीचे नाव, तिचे क्षेत्रफळ, शेवटची सफाई कधी झाली, शेजारच्या खोल्या कोणत्या, आणि पुढे ‘झाडा’, ‘पुसा’, ‘वगळा’ ही बटणे. अशी यादी केवळ तुमच्यासाठी नाही. घाईत असलेला डोळस माणूसही नकाशा उघडण्याऐवजी तीच वापरतो. ॲपच्या निर्मात्यांना लिहिताना ‘नकाशा वाचता येत नाही’ असे न लिहिता ‘यादीतून खोली निवडून काम सुरू करता येत नाही’ असे लिहा, म्हणजे दुरुस्ती नेमकी काय करायची हे त्यांना कळेल. तुमच्याकडे आवाजी सहायक असेल आणि कोणी एकदा बसून खोल्यांना नावे देऊन ठेवली, तर रोजचे काम नकाशाशिवाय भागू शकेल.

याच अनुषंगाने, झाडलेली जागा हिरवी आणि राहिलेली लाल अशी रंगसंगती अनेक नकाशांत असते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. झाडलेल्या भागावर रेघांची नक्षी काढली, तर रंगावर अवलंबून राहावे लागत नाही. खोलीची कड आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचा फरकही जगभर मान्य असलेल्या सुलभतेच्या निकषांनुसार निदान ३ : १ असावा, फिकट राखाडीवर पांढरी रेघ त्यात बसत नाही.

प्रश्न : जुना रोबो ओळखीच्या एकाला देणार आहे. नकाशाचे काय करावे?

उत्तर : तो पुसा, आणि दोन्हीकडून पुसा. नकाशा बहुधा रोबोत असतो, आणि अनेकदा कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्यातही असतो. रोबोवरचे बटण दाबून तो मूळ स्थितीत आणला तरी खात्यातली प्रत तशीच राहू शकते. आधी ॲपमधून नकाशे काढून टाका, मग रोबो खात्यातून वगळा, आणि शेवटी रोबो मूळ स्थितीत आणा. क्रम उलटा केला, तर रोबो खात्यातून निघून जातो आणि त्याचा नकाशा पुसायचा पर्यायच पडद्यावरून नाहीसा होण्याची शक्यता असते. घरातल्या ज्या माणसांना तुम्ही रोबो वापरायची परवानगी दिली होती, त्यांच्या फोनवरूनही तो गेला आहे ना, हे रोबो हातातून जाण्यापूर्वी पाहून घ्या.